ढलपी कोणाची?

आमच्या लहानपणी घरी सुतार बसला म्हणजे आठ-पंधरा दिवस साऱ्या घराचे वेळापत्रक त्याच्या वाकसाच्या ठेक्यावर चालत असे. लाकडाच्या उरल्यासुरल्या भागांना निरनिराळी नावे आहेत, हे आम्ही तेव्हाच शिकलो. वाकसाखालून उडते ती ढलपी, रंध्यातून वळत बाहेर येते ती झिलपी आणि करवतीखाली गळतो तो भुसा. यांतील काहीही वाया जात नसे. ढलप्या न्हाणीतल्या भाणाखाली जात. झिलप्यांनी चूल पेटे. भुसा पत्र्याच्या शेगडीत जाई. मध्ये बाटली उभी धरून तिच्याभोवती तो ठासून भरायचा, बाटली अलगद उपसून घ्यायची, आणि राहिलेल्या पोकळीत खालच्या भोकातून विस्तव लावायचा. एकदा पेटलेली ही शेगडी संथपणे पुष्कळ वेळ जळत राही. हातभर लांबीचे तुकडे मात्र सुतार बाजूस ठेवी, आणि कामाच्या अखेरच्या दिवशी त्यांतून एखादा पाट, एखादी खुंटाळी, घरात तान्हे मूल असेल तर पांगुळगाडा असे काहीतरी जोडून देई. दोन-चार तुकडे तो आपल्या पिशवीतही टाकी. त्याला कोणी हटकल्याचे आम्हांस आठवत नाही.

हे तुकडे कायद्याने कोणाचे, हा प्रश्न त्या वेळी कोणासही पडला नाही. वकिलीच्या व्यवसायात शिरल्यावर आमच्या ध्यानी आले की हा प्रश्न पुरातन आहे. एवढेच नव्हे, तर एका बलाढ्य साम्राज्याच्या आरमाराने जवळजवळ दीडशे वर्षे त्यावर डोके शिणवले होते. त्या वादाची हकीकत आमच्या वाचकांसही मनोरंजक वाटेल, आणि तिच्यातून निघणारा बोध केवळ मनोरंजनापुरता नाही, असे आम्हांस वाटते.

अठराव्या शतकातील इंग्लंडचे सामर्थ्य लाकडावर तरंगत होते. डेप्टफर्ड, वुलिच, चॅटम, पोर्टस्मथ आणि प्लिमथ येथील सरकारी गोद्यांत हजारो कारागीर राबत. एका मोठ्या युद्धनौकेस लाकूड किती लागावे? चॅटम येथे १७५९ साली जिचा कणा घातला गेला आणि १७६५ साली जी पाण्यात उतरली, त्या सुप्रसिद्ध 'व्हिक्टरी' जहाजासाठी सुमारे सहा हजार झाडे खर्ची पडली. त्यांतील बहुतेक ओकची होती. जहाजाच्या बरगड्या वाकड्या असतात. त्या ओकच्या वाकड्या फांद्यांतून, कुऱ्हाडीने आणि वाकसाने तासून काढाव्या लागत. सरळ फळी करवतीने कापावी तर भुसा पडतो, पण वाकडा वासा तासून काढावा तर ढलप्यांचे ढीग पडतात. गोदीत असे ढीग रोज पडत असत.

या ढलप्या घरी नेण्याचा हक्क जहाज बांधणाऱ्या सुतारांस पूर्वापार होता. इंग्रजीत त्यांस 'चिप्स' असेच म्हणत. तुकडा तीन फुटांहून लांब नसावा, एवढे बंधन होते. दिवसाचे काम संपल्याची घंटा झाली की शेकडो माणसे लाकडाची मोळी खांद्यावर टाकून गोदीच्या दरवाजातून बाहेर पडत.

हे सरकारचे औदार्य होते, असे मात्र कोणी समजू नये. सुताराची बांधील मजुरी रोजची दोन शिलिंग एक पेनी, म्हणजे पंचवीस पेन्स होती. सतराव्या शतकाच्या अखेरीस ठरलेला हा दर पुढील शंभर वर्षांत जवळपास हललाच नाही. शिवाय ही मजुरी रोज अथवा आठवड्याला मिळत नसे. ती तिमाहीने हिशेबात धरली जाई, आणि सरकारचा खजिना युद्धाने रिता झालेला असला म्हणजे कित्येक महिने थकत असे. जो धनी मजुरी वेळेवर देत नाही, त्याच्या दारातून रोज संध्याकाळी निश्चितपणे घरी येणारी वस्तू एकच, ती म्हणजे खांद्यावरची मोळी. ती विकली तर त्या दिवसाची भाकरी निघे, जाळली तर थंडी भागे. आणि कारागिराचा हात असेल तर तिच्यातून घर उभे राही. गोद्यांभोवतीच्या वस्त्यांतील कित्येक घरांची दारे, खिडक्यांच्या झडपा, कपाटे आणि जिन्यांच्या पायऱ्या तीन फुटांच्या आतल्या मापाने बसवलेल्या असत. सरकारच्या नियमातील माप लोकांच्या घरांत असे उतरले होते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एक पक्ष ऐकून निकाल देणे आमच्या पेशास शोभणारे नाही. तीन फुटांपर्यंतचा तुकडा आपला, असे ठरले की चार फुटांच्या चांगल्या तुकड्यालाही अपघात होऊ लागतात. जहाजाच्या उपयोगी पडेल असे लाकूड मुद्दाम तोडून ढलपीच्या मापात बसवले जाते, धन्याच्या वेळेत धन्याच्याच करवतीने सरपण पाडले जाते, आणि मोळीच्या पोटात तांब्याचा खिळा अथवा लोखंडी बोल्ट दडवून नेला जातो, अशा तक्रारी आरमाराच्या दप्तरी वारंवार नोंदल्या गेल्या, आणि त्या साऱ्याच खोट्या नव्हत्या. रूढीने दिलेला हक्क रूढीच्या मर्यादेत राहतोच असे नाही, हे आमच्याकडील वहिवाटीचे दावे लढवणाऱ्या कोणाही वकिलास ठाऊक आहे.

यावर उपाय म्हणून १७५३ साली हुकूम निघाला की मोळी खांद्यावरून न नेता काखेत मावेल एवढीच न्यावी. वरवर पाहता हा फरक शुल्लक दिसतो. परंतु खांद्यावर येणारे ओझे आणि काखेत मावणारे ओझे यांत निम्म्याहून अधिक अंतर आहे, हे ज्याने सरपण वाहिले आहे त्यास सांगावयास नको. मजुरी न वाढवता मिळकत कापण्याचा तो प्रकार होता. १७५६ साली चॅटमच्या दरवाजावर या हुकुमाची कसोटी लागली. घोळक्याच्या अग्रभागी असलेल्या सुतारास अधिकाऱ्याने मोळी खाली उतरवण्यास फर्मावले. त्याने नकार दिला. मागून येणाऱ्या माणसांचा लोंढा पुढे सरकला, आणि मोळ्या खांद्यांवर तशाच ठेवून सारे जण दरवाजाबाहेर गेले. दंगा झाला नाही, कोणी शस्त्र उचलले नाही. त्यांनी दयेची याचना केली नाही, की आमची ढलपी ती केवढी, म्हणून सोडा, असेही म्हटले नाही. आपली वस्तू घेऊन माणूस जसा घरी जातो तसे ते गेले. वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे, कारण पुढे आम्हांस याच मुद्द्याकडे परतावयाचे आहे.

परंतु काळ त्यांच्या बाजूचा नव्हता. त्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडात उरलेल्या वस्तूंवरील गरिबांचे हक्क एकामागून एक संपुष्टात येऊ लागले. आपल्याकडे ज्याला सरवा म्हणतात, तो कापणीनंतर शेतात राहिलेली कणसे वेचण्याचा हक्क तिकडेही होता. १७८८ साली 'स्टील विरुद्ध हॉटन' या खटल्यात न्यायालयाने बहुमताने निर्णय दिला की सरवा वेचण्याचा असा कोणताही हक्क देशाच्या सामान्य कायद्यास मान्य नाही. धान्य कापून झाले तरी शेतात पडलेला शेवटचा दाणाही मालकाचाच! शेतात जे झाले ते गोदीत होण्यास फार विलंब लागला नाही. सुप्रसिद्ध कायदेपंडित जेरेमी बेंथम यांचे धाकटे बंधू सॅम्युएल बेंथम यांची १७९६ साली आरमाराच्या कामांचे महानिरीक्षक म्हणून नेमणूक झाली. कामाची प्रत्येक पायरी मोजावी, प्रत्येक तुकड्याचा हिशेब असावा आणि मजुरी केवळ रोकड असावी, हे त्यांचे तत्त्व होते. अखेर १८०१ साली ढलप्यांचा हक्क रद्द झाला, आणि मोबदला म्हणून सुतारास रोज सहा पेन्स देण्याचे ठरले. या रकमेस 'ढलपीचा पैसा' असेच नाव पडले.

या सहा पेन्सांत एक मोठी कबुली दडलेली आहे. ढलपी जर केवळ केरकचरा होती, तर तिचा मोबदला कशासाठी? आणि ती जर चोरी होती, तर चोरीचा मोबदला कोणते सरकार देते? बांधील मजुरी पंचवीस पेन्स आणि ढलपीचे सहा पेन्स. म्हणजे मजुरीच्या जवळजवळ चौथाई! आपल्या इतिहासात चौथाई वसूल करणारे राज्यकर्ते होते. येथे चौथाईचे धनी सुतार होते, आणि ती दीर्घकाळ त्यांच्या मजुरीचाच भाग होती, हे सरकारने ती बंद करताना स्वतःच्या हिशेबाने सिद्ध केले.

रोकड मिळणे हे ढलपी मिळण्याहून वाईट, असे आम्ही म्हणत नाही. झडतीचा अपमान टळतो, हिशेब स्वच्छ राहतो, मोळी वाहून पाठ मोडत नाही. पण नाणे आणि ढलपी यांत एक भेद आहे. नाणे हातात पडले की कारागीर गिऱ्हाईक होतो. ढलपी हातात असेपर्यंत तो कारागीरच असतो. तिच्यातून झडप करावी, की पायरी, की मुलाचे खेळणे, हे ठरवण्यास तो मुखत्यार असतो. दिवसभर दुसऱ्याच्या आराखड्याप्रमाणे काम करणाऱ्या हातांस संध्याकाळी स्वतःच्या मनाप्रमाणे काही घडवण्याची मुभा त्या तुकड्याने दिली होती. तिची किंमत सहा पेन्सांत धरलेली नव्हती.

ही गोष्ट साता समुद्रापलीकडची, असे म्हणून सोडून देता येत नाही. ज्या आरमारासाठी ओक अपुरा पडू लागला, त्याच आरमारासाठी मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजे बांधली जात होती. १७३६ साली सुरतेहून मुंबईस आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने ही गोदी नावारूपास आणली. तेथे १८१७ साली पाण्यात उतरलेली 'त्रिंकोमाली' ही नौका इंग्लंडात हार्टलपूल येथे अजूनही जतन केलेली आहे. आपले सागवान तिकडे गेले आणि तिकडचा कायदा इकडे आला. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत चोरीची व्याख्या कलम ३७८ मध्ये होती, आणि त्या कलमाखालचे पहिलेच उदाहरण झाडाचे होते. दुसऱ्याच्या जमिनीतील झाड अप्रामाणिक हेतूने तोडले, की ते जमिनीपासून वेगळे होताक्षणीच चोरी पूर्ण होते! पाठोपाठ १८६५, १८७८ आणि १९२७ चे वनकायदे आले, आणि रानातील काटकी उचलणे हा गुन्हा झाला. जोतीराव फुले यांनी १८८३ साली पुऱ्या केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात जंगलखात्याविषयीचे शेतकऱ्यांचे गाऱ्हाणे मांडले आहे. १९३० साली रायगड जिल्ह्यातील चिरनेर येथे जंगल सत्याग्रहात पोलिसांच्या गोळ्यांनी माणसे मेली. आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील आदिवासींची व इतर परंपरागत वननिवासींची मालकी मान्य केली, तेव्हा त्या उपजाच्या यादीत मध आणि लाखेबरोबर झुडपी लाकूड आणि बुंधे यांचाही नावाने उल्लेख करावा लागला. पूर्वी जे कोणी विचारीतही नव्हते, ते देण्यासाठी संसदेस कायदा करावा लागला!

आता आमच्या स्वतःच्या अनुभवातील एक प्रकरण सांगतो. सुमारे वीस वर्षांपूर्वी, वकिलीच्या आरंभीच्या काळात, सीमाभागातील एका लाकूडकामाच्या कारखान्यातील वयस्क सुताराचे काम आमच्याकडे आले. आरोप चोरीचा होता. संध्याकाळी दरवाजावर त्याच्या पोत्यात सागवानाचे आणि फणसाचे तुकडे सापडले होते. त्यांतील सर्वांत मोठा दीड हाताचा होता. जुन्या मालकाच्या काळी असे तुकडे नेण्याची मुभा होती. सुतार त्यांतून पोळपाट, पाट आणि मुलांचे बैल-गाडे करी. पुढे कारखाना दुसऱ्या हाती गेला, आणि नव्या व्यवस्थापनाने उरलेले लाकूडही वजनावर विकावयाचे ठरवले. जुनी मुभा कागदावर नव्हती, आणि साक्ष देण्यास जुने मालक हयात नव्हते.

आमच्यापुढे दोन वाटा होत्या. एक, हा माणूस प्रामाणिकपणे स्वतःचा हक्क समजून ती वस्तू नेत होता, सबब अप्रामाणिक हेतू नाही, असा युक्तिवाद करणे. दुसरी वाट सोपी होती. दंडसंहितेच्या कलम ९५ अन्वये, कोणीही समंजस मनुष्य ज्याबद्दल तक्रार करणार नाही इतके अल्प नुकसान करणारी कृती हा अपराधच होत नाही. हेच कलम २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ३३ व्या क्रमांकाने कायम आहे. पहिल्या वाटेत पुराव्याची अडचण होती. दुसरीत पोते उचलून दाखवले की काम भागत होते. आम्ही दुसरी वाट धरली. जळणाच्या चार ढलप्या त्या काय, असे आम्ही न्यायालयास मोठ्या आवेशाने विचारले. आरोपी सुटला, आणि मुद्देमाल फिर्यादी कारखान्यास परत करण्याचा हुकूम झाला. तोही कायद्यास धरूनच होता, कारण ते लाकूड सुताराचे आहे असे आम्ही एका शब्दानेही म्हटले नव्हते.

बाहेर आल्यावर आम्ही त्याचे अभिनंदन केले. तो काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "वकीलसाहेब, तुम्ही मला सोडवलंत, उपकार झाले. पण ते जळण नव्हतं. त्यात तीन पाट होते." आमच्या डोळ्यांस पोत्यात तुकडे दिसले होते, त्याच्या डोळ्यांस पाट दिसत होते. त्याच्या बचावासाठी त्याच्या हातातील वस्तू निकामी ठरवण्यापलीकडे आम्हांस काही सुचले नव्हते. चॅटमच्या सुतारांनी दरवाजावर जे म्हटले नाही, नेमके तेच आम्ही आमच्या पक्षकाराच्या वतीने भर न्यायालयात म्हणून मोकळे झालो होतो. कलम ९५ ची पळवाट नाकारून हक्काचा मुद्दा लढवला असता तर कदाचित आम्ही हरलो असतो, आणि शिक्षा त्याला झाली असती, आम्हांस नव्हे. म्हणून ती निवड चुकली, असे आजही आम्ही छातीठोकपणे म्हणू शकत नाही. परंतु कोणती वाट धरावयाची, हे त्याला विचारावयास हवे होते. आम्ही विचारले नाही, एवढे मात्र खरे.

चॅटमची गोष्ट एका शोधाने पुरी होते. १९९५ साली तेथील जुन्या गोदीत, चाके बनवणाऱ्या सुतारांच्या कार्यशाळेची जमीन दुरुस्तीसाठी उकलली, तेव्हा फळ्यांच्या खाली जहाजाचे अडीचशेच्या आसपास वासे नीट रचलेले सापडले. अभ्यासकांनी ते 'नामूर' या युद्धनौकेचे असल्याचे पुढे निश्चित केले. ही नौका १७५६ साली, मोळ्यांचा तो प्रसंग घडला त्याच वर्षी, चॅटम येथेच पाण्यात उतरली होती, आणि १८३३ साली तेथेच मोडीत निघाली. तिचे उरलेले वासे पुढल्या वर्षी कोणीतरी जमिनीखाली आधारासाठी अंथरले. म्हणजे ज्या गोदीने सुतारांच्या खांद्यावरील तीन फुटी तुकड्यांवर पहारे बसवले, तिनेही आपली ढलपी फेकली नाही. तिच्यातून जमीन केली. त्या वाशांसाठी तेथे संग्रहालयाचे स्वतंत्र दालन उभे राहिले आहे, आणि लोक तिकीट काढून ते पाहावयास जातात.

आमच्या पक्षकाराचे पोते नेण्यास कारखान्याने माणूस धाडला नाही. न्यायालयाच्या मुद्देमालाच्या खोलीत ते पुष्कळ महिने पडून होते. पुढे एकदा सहज चौकशी केली, तेव्हा इतर निकामी जिनसांबरोबर त्याची वासलात लागल्याचे समजले. दप्तरात नोंद होती: लाकडाचे तुकडे, एक पोते, किंमत काही नाही. त्यात तीन पाट होते.